न हलणारं घर

आमच्या गावावरून उपग्रह दर बारा दिवसांनी, सकाळी सहा वाजून चौदा मिनिटांनी जातो. गेली चार वर्षं मी बघते आहे, त्याला एकदाही उशीर झालेला नाही. आमच्या ऑफिसात इतकं वक्तशीर कुणीच नाही, आणि आम्ही सगळे तर ऑफिसपासून फार तर तीन किलोमीटरवर राहतो.

मी आपत्ती-तयारी कक्षात काम करते. कक्ष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन संगणक, एक गळका एसी आणि त्याच्याखाली ठेवलेली बादली. पूर आणि दरडींसाठी गावाला आधीपासून तयार ठेवणं हे आमचं काम. बादली वाहायच्या आत रिकामी करणं हेही आमचंच काम, आणि त्यात आम्ही जास्त तरबेज आहोत.

हा उपग्रह फोटो काढत नाही. तो रडारच्या लहरी खाली सोडतो आणि त्या परत यायला किती अंतर कापतात ते मोजतो. ढग असोत, धुकं असो, त्याचं काही अडत नाही. बारा दिवसांपूर्वीचं माप आणि आजचं माप शेजारी शेजारी ठेवलं की कुठली जमीन किती सरकली ते मिलिमीटरमध्ये कळतं. फक्त एक अट आहे. सगळं कशाच्या तरी तुलनेत मोजावं लागतं. गावातली एक जागा आपण ठरवायची, ती हलत नाही असं धरून चालायचं आणि बाकीचं गाव तिच्याशी ताडून बघायचं. कागदोपत्री तिला संदर्भबिंदू म्हणतात. आम्ही खुंटी म्हणतो, कारण अख्खा नकाशा तिच्यावर टांगलेला असतो.

खुंटी निवडायची वेळ आली तेव्हा मी बाबांचं घर निवडलं.

त्याला शास्त्रीय कारणं होती. सिमेंटची सपाट गच्ची, तीन बाजूंनी कठडा, कोपऱ्यात पाण्याची टाकी. अशा कोपऱ्यात शिरलेली लहर खणखणीत परत येते. ही कारणं मी फॉर्मवर लिहिली. खऱ्या कारणासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. बाबा गवंडी आहेत. टेकडीच्या उतारावर वरची आळी आहे, तिथली अडतीसच्या अडतीस घरं त्यांनी बांधली, त्यातलं शेवटचं स्वतःचं. अख्खी आळी त्यांना मिस्त्री म्हणते आणि नळ गळला तरी त्यांना विचारते. आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मी त्यांना माझ्याकडे राहायला या म्हणते आहे आणि ते सहा वर्षं ‘बघू’ म्हणत आहेत. गावात न हलणारी एक गोष्ट दाखव, असं मला झोपेतून उठवून कुणी विचारलं असतं तरी मी त्याच घराकडे बोट दाखवलं असतं.

नकाशा तयार झाला आणि त्यात गाव वर येताना दिसायला लागलं.

दर बारा दिवसांनी चार मिलिमीटर. बाजारपेठ, नदीकाठची वस्ती, पूल, दवाखाना, सगळं वर. वरची आळी तेवढी जागच्या जागी, गडद हिरवी. मी चक्रावले. साहेब चक्रावले नाहीत. त्यांनी गेल्या वर्षी गावाभोवती पाणी मुरवायला अकरा खड्डे खणून घेतले होते आणि त्या खड्ड्यांबद्दल लोक त्यांच्या पाठीमागे बरंच बोलत होते. जमिनीत पाणी मुरलं की जमीन थोडी फुगते, हे खरं आहे. साहेबांनी त्या खऱ्यावर पंधरा पानांचा अहवाल लिहिला. वरच्या कार्यालयातून त्यांना प्रशस्तिपत्र आलं. खड्डे खणून गाव वर आणणारा पहिला अधिकारी म्हणून त्यांचा सत्कारही झाला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते.

मग आम्ही पुराची योजना आखली. नदीला पाणी चढलं की नदीकाठच्या तीनशे माणसांना हलवायचं कुठे? नकाशात सगळ्यात न हलणारी जागा वरची आळी. आळीच्या टोकाला शाळा आहे. तिथे निवारा ठरला. दोन महिन्यांपूर्वी मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून आळीतल्या लोकांना सांगितलं, की तुम्ही गावातल्या सगळ्यात सुरक्षित जागी राहता आणि हे मी नाही, उपग्रह म्हणतोय. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते कुठल्याही सभेत पुढे बसत नाहीत, म्हणून मला भरून आलं. सभा संपल्यावर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं. त्यांना त्या नकाशाची मोठी प्रत हवी होती. मी ती चौकट करून दिली आणि त्यांनी ती बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावली. त्या आठवड्यात मी ऑफिसात जरा मान वर करूनच चालत होते.

एका मंगळवारी माझी मान खाली आली. शुक्रवारपासून तीन दिवस अतिवृष्टी, असा अंदाज आला होता, आणि शाळेतला भोंगा वाजतो का ते बघायला मी ऑफिसच्या गाडीतून वर निघाले होते. आमचे ड्रायव्हरदादा सहसा बोलत नाहीत. चढ लागल्यावर ते म्हणाले, “मॅडम, एक विचारू का? हसू नका.”

“विचारा.”

“सगळं गाव वर चाललंय ना? मग तुमच्या बाबांचं घर एकटंच खाली राहणार का?”

“ते हलत नाही, दादा. त्याच्यावरून तर बाकीचं मोजतो.”

“ते कळलं. पण माझं काय होतं, सिग्नलला उभं असताना शेजारची बस पुढे सरकली, की मला वाटतं माझीच गाडी मागे चालली. पटकन ब्रेक दाबतो. मग कळतं, ती बस होती.” त्यांनी गिअर बदलला. “उलटंही होतं कधीकधी. बस उभीच असते.”

मी हसले नाही. मी त्यांना गाडी वळवायला सांगितली.

खुंटी बदलायला चार क्लिक लागतात. गावाबाहेर दगडाची खाण आहे, सगळा काळा खडक. पाणी मुरून तो फुगायची शक्यता नाही, तरी माझ्या नकाशात तोही गावाइतकाच वर येत होता. हे आकडे वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होते. मी ते कॉपी करून साहेबांच्या अहवालात चिकटवलेही होते. आता मी खाणीला खुंटी केलं आणि संगणकाला पुन्हा मोजायला लावलं. वीस मिनिटांनी गाव थांबलं. बाजारपेठ थांबली, पूल थांबला, अकरा खड्डे आपापल्या जागी निवांत बसले. हलत होती ती फक्त वरची आळी. ती खाली येत होती, चार मिलिमीटर, पुन्हा चार, मग सहा, मग अकरा. कालचं माप एकोणीस होतं.

आणि गुरुवारी दुपारी आम्ही आणखी तीनशे माणसं तिच्यावर नेऊन बसवणार होतो. घाईत प्रिंटचं बटण मी दोनदा दाबलं. साहेबांना सगळ्याच्या दोन-दोन प्रती मिळाल्या.

बुधवारी सकाळी साहेबांनी त्या प्रती वाचल्या. पहिली वाचली, मग दुसरीत काही वेगळं आहे का तेही पाहिलं.

“म्हणजे गाव वर आलेलंच नाही?”

“नाही, साहेब.”

“अजिबात?”

“अजिबात नाही.”

“एक-दोन मिलिमीटर तरी?”

“नाही, साहेब.”

त्यांनी मागे भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे पाहिलं नाही. नाही पाहिलं हे मला मुद्दाम नोंदवलं पाहिजे, कारण मी असते तर पाहिलं असतं. त्यांनी फोन उचलला आणि दहा मिनिटांत निवारा शाळेतून बाजारपेठेच्या सभागृहात हलवला. मग म्हणाले, “नदीकाठचं झालं. आता आळी. सक्तीनं रिकामी करायचा हुकूम वरून यावा लागतो. मी आत्ता लिहितो. उत्तर सोमवारपर्यंत येईल.”

“पाऊस शुक्रवारी आहे.”

“म्हणून म्हणतो. लोक आपणहून निघाले तर गाड्या मी देतो, गाद्या मी देतो, जेवण मी देतो. पण त्यांना उठवायचं तुम्ही. बसा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं.”

मी ड्रायव्हरदादांना गाडी काढायला सांगितलं.

दुपारी बाराला मी पुन्हा त्याच व्हरांड्यात, त्याच जागी उभी होते. बाबा या वेळी शेवटच्या रांगेत होते, साध्या शर्टात. मी घोळ न घालता सांगितलं. मी चुकले, आळी खाली सरकते आहे, वेग वाढतो आहे, शुक्रवारच्या आधी सगळ्यांनी खाली यायला हवं. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलंही नाही. आमच्या आळीत एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना सगळे हरकतकाका म्हणतात. ते उठले.

“माझी एक हरकत आहे. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही इथेच उभ्या राहून ही सगळ्यात सुरक्षित जागा म्हणालात. तो उपग्रह वेगळा होता का?”

“तोच होता, काका.”

“मग तो तेव्हा चुकला की आज चुकतोय?”

“तो नाही चुकला. मी न हलणारी जागा चुकीची धरली होती.”

“कुठली धरली होती?”

मी बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडे बघत होते. “बाबांचं घर,” मी म्हणाले.

अख्खी सभा मागे वळली. पुढच्या बाकावर शिलाईमावशी बसल्या होत्या. शाळेचे सगळे गणवेश त्या शिवतात, माझाही त्यांनीच शिवला होता. त्या मला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “अगं, घर हललं असतं तर मिस्त्रींना कळलं नसतं का? स्वतःच्या हातानं बांधलंय त्यांनी. तू दमली आहेस. जरा आराम कर.”

“मावशी, सगळं एकत्रच सरकतं तेव्हा एकोणीस मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही.”

“मग एवढ्याशासाठी कशाला उठवतेस?” त्या म्हणाल्या, आणि लोक हसले. “असं करू या. मिस्त्री निघाले की आम्ही निघू. काय मिस्त्री?”

बाबा उठले. आता ते माझ्या बाजूनं काहीतरी बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “चहा घ्यायला ये घरी,” आणि निघून गेले. त्यांच्यामागे सभा उठली. पाच मिनिटांत व्हरांड्यात मी आणि भोंगा उरलो.

मी घरी गेले ती भांडायलाच गेले. दार उघडेना. बाबांनी आतून कडीच्या वर एका ठरावीक जागी खांदा मारला तेव्हा ते कुरकुरत उघडलं. उंबऱ्याशी रंध्याची ताजी सालपटं पडली होती.

“दार फुगलंय,” बाबा म्हणाले.

दोन महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. मी सालपटांकडे पाहिलं आणि बाबांकडे पाहिलं. ते चहाकडे वळले होते.

“बाबा, तुम्ही गप्प का बसलात? मी गावासमोर तोंडघशी पडले त्याचं मला काही नाही. मी चुकले, मी सांगितलं चुकले, अजून कसं सांगायचं? पण ही माणसं तुमच्या तोंडाकडे बघत बसली आहेत. तुम्ही ‘बघू’ म्हणालात तर सगळे ‘बघू’ म्हणणार. शुक्रवारनंतर बघायला काही राहणार नाही! तुम्हाला कळतंय का मी काय म्हणते आहे? मला तुमची भीती वाटते आहे. तुम्ही इथे मराल याची भीती वाटते आहे!”

शेवटचं वाक्य शेजारीही ऐकू गेलं असणार. बाबांनी गॅस बंद केला. दोन कप ओट्यावर ठेवले, चहा न ओतताच. मग ते बाहेरच्या खोलीत गेले आणि भिंतीवरचा माझा नकाशा दोन्ही हातांनी उचलून खाली उतरवला.

मागे तडा होता. छताजवळ सुरू होऊन तिरका खाली आलेला. त्याच्यावर आडव्या, बोटभर रुंदीच्या प्लास्टरच्या सात पट्ट्या मारलेल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीनं तारीख होती.

मी गवंड्याची मुलगी आहे, मला हे माहीत आहे. तडा थांबलेला आहे की चालतो आहे हे बघायला त्याच्यावर प्लास्टरची पट्टी मारतात आणि तारीख घालतात. पट्टी शाबूत राहिली तर काळजी नाही. तुटली तर भिंत चालते आहे. मग पुढची पट्टी मारायची आणि किती दिवसांत तुटते ते बघायचं. पहिली तुटायला सात महिने लागले होते. दुसरीला पाच. सहावीवर बाबांनी दोन तारखा घातल्या होत्या, मारल्याची आणि तुटल्याची, आणि त्यांत वीस दिवसांचं अंतर होतं. मी मनात माझे आकडे त्याशेजारी ठेवले. ते जुळत होते. जे मोजायला मला एक उपग्रह, दोन संगणक आणि एक कक्ष लागला, ते बाबांनी थापी आणि पेन्सिलीवर मोजलं होतं, आणि बरोबर मोजलं होतं.

सातव्या पट्टीवर एकच तारीख होती. आमच्या पहिल्या सभेच्या आदल्या दिवसाची. पट्टी तुटली होती आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पेन्सिल बसेल एवढी फट होती. बाबांनी पुढे होऊन फटीत बोटाचं टोक घातलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही तुटलेली पट्टी तेही आत्ताच बघत होते.

“नकाशा लावल्यापासून काढला नव्हता,” ते म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं. मग त्या दिवशी सभेत सांगितलं का नाही?”

“सांगणार होतो. म्हणून तर पुढे बसलो होतो.” त्यांनी बोट शर्टाला पुसलं. “तू आधी बोललीस.”

मी खाली बसले.

“तू म्हणालीस घर हलत नाही. एवढ्या उंचावरून मोजून म्हणालीस. मी हातभर अंतरावरून बघतोय. मला वाटलं, आपले डोळे गेले. पट्टीचा मालच नीट बसला नसेल. वय झालं.” त्यांनी नकाशाच्या चौकटीवरची धूळ हातानं पुसली. “बरं वाटलं गं. खरं सांगतो. कित्येक महिन्यांनी त्या रात्री झोप लागली.”

“बाबा, तुमचं घर हलत नाही हे मी मोजलंच नव्हतं.”

“मग?”

“धरून चालले होते. कुठली तरी एक जागा धरावीच लागते.”

“मग हीच का धरलीस?”

“तुम्ही बांधली होती म्हणून.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा हलताना पाहिलं, आणि मलाही रडू आवरेना. आम्ही दोघं शहाणी माणसं, एकमेकांच्या भरवशावर, अडतीस घरांना त्या उतारावर बसवून ठेवत होतो. चहा कपात ओतायचा राहिला तो राहिलाच.

मग बाबांनी चपला घातल्या आणि ते शिलाईमावशींच्या घरी गेले. मी मागोमाग.

“मावशी, तो आरसा काढा,” बाबा म्हणाले. मापं घेतात तिथे भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा होता.

“कशाला? गिऱ्हाईक येईल आता.”

“काढा.”

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आरसा उतरवला. मागे तडा होता. त्यात कापडाच्या चिंध्या नीट घडी करून कोंबल्या होत्या, भिंतीच्या रंगाला जुळतील अशा निवडून.

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही बांधलेलं घर, आणि तुम्ही समोरच राहता. रोज तोंड बघायचं एकमेकांचं.”

पुढच्या घरात कपाट होतं. त्याच्या पुढच्या घरात लग्नाचा मोठा फोटो, घरातल्या माणसांच्या मानानं जरा जास्तच खाली टांगलेला. हरकतकाकांनी दारातच सांगितलं, की त्यांची या तपासणीला हरकत आहे, आणि मग स्वतःच पुस्तकांची मांडणी बाजूला सरकवली. त्यांच्या टेबलाच्या खणात मिस्त्रींच्या नावे लिहिलेली तीन पानी लेखी हरकत होती. दीड वर्षापूर्वीची तारीख होती. दिली मात्र नव्हती. “तुम्ही माझ्या बायकोच्या आजारपणात रोज आला होता,” ते म्हणाले. “कशी देणार?”

अडतिसांपैकी चौतीस घरांत भिंतीला काही ना काही टांगलेलं किंवा टेकवलेलं होतं आणि चौतीस घरांत त्याच्यामागे तेच होतं. अख्ख्या आळीचं अळीमिळी गुपचिळी चाललं होतं, तेही एका माणसाचं मन राखायला. आणि ज्यांनी ज्यांनी कधी शंका घेतली असेल, त्यांनी दोन महिन्यांपूर्वी माझं भाषण ऐकून ती सोडून दिली होती.

संध्याकाळच्या आत सगळे आपणहून पुन्हा व्हरांड्यात जमले. या वेळी बोलायला बाबा उभे राहिले. त्यांना भाषण करता येत नाही.

“घरं मी बांधली. भिंतींत खोट नाही. खालची जमीन चालली आहे, आणि जमीन मी बांधलेली नाही. पण तडा दिसत असून मी गप्प बसलो. ती खोट माझी.” त्यांनी घसा साफ केला. “मी उद्या सकाळी निघतोय. सामान बांधा.”

हरकतकाका उठले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. “माझी हरकत नाही,” ते म्हणाले आणि खाली बसले. तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, आणि माझ्या मते आळी खरी घाबरली ती तेव्हा.

गुरुवारी साहेबांनी सात गाड्या पाठवल्या आणि स्वतः आठवीत बसून आले. दुपारी दोनपर्यंत आळी रिकामी झाली. शिलाईमावशींचं शिवणयंत्र शेवटच्या गाडीत मावलं नाही. उद्या नेऊ, असं ठरलं. या ‘उद्या नेऊ’बद्दल मी आजतागायत ऐकते आहे.

सगळ्यात शेवटी बाबा. गाडी हॉर्न वाजवत होती आणि बाबा दाराशी अडून होते, कारण दार बंद होत नव्हतं. चौकट तिरकी झाली होती. मी म्हणाले, राहू द्या उघडं. ते म्हणाले, घर उघडं टाकून कुणी जातं का. त्यांनी पिशवीतून रंधा काढला, दार अर्धवट टेकवलं आणि वरची कड तासायला घेतली. आकाश काळं होत आलं होतं. ड्रायव्हरदादा एकदा माझ्याकडे, एकदा आकाशाकडे बघत होते. मला ओरडायचं होतं, पण त्यांचा हात इतका संथ आणि सरळ चालत होता की मी ओरडले नाही. दहा मिनिटांनी दार लागलं. आवाज न करता, नव्यासारखं लागलं. बाबांनी कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि किल्ली मला दिली.

पाऊस अंदाजाप्रमाणे शुक्रवारी सुरू झाला. नदी शनिवारी काठाबाहेर आली. रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला वरची आळी खाली आली. अडतीसपैकी एकतीस घरं, आणि शाळा. कुणी दगावलं नाही. सभागृहात तेव्हा नाश्ता चालला होता. लांबून मोठा ट्रक उलटल्यासारखा आवाज आला, बराच वेळ आला, मग थांबला. बाबा दारात उभे होते.

“कुठलं गेलं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते एका गादीच्या कडेला बसले.

“भिंती सरळ होत्या,” ते म्हणाले. “ओळंब्यात होत्या सगळ्या.”

“हो, बाबा.”

शिलाईमावशी येऊन त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी आपल्या ताटातला ब्रेड त्यांच्या हातात ठेवला. बाबांनी तो खाल्ला.

आता ते माझ्याकडे राहतात. तक्रार एकच आहे, माझ्या स्वयंपाकघराचा ओटा पाठीमागे अर्धा अंश कललेला आहे आणि हे बांधणाऱ्याला त्यांना भेटायचं आहे. सोमवारी वरून हुकूम आला. आळी तत्काळ रिकामी करावी, असं त्यात होतं. साहेबांनी तो नियमाप्रमाणे फाइलला लावला. प्रशस्तिपत्र त्यांनी स्वतःहून परत पाठवलं. ते कसं परत घ्यायचं याची वरती पद्धत नसल्यामुळे ते पुन्हा आलं.

पुढच्या शनिवारी उपग्रह वेळेवर आला. माप उतरवायला मी ऑफिसात गेले तेव्हा बाबाही बरोबर आले. त्यांनी आधी एसीखालची बादली रिकामी केली, एसी कुठून गळतो ते पाहिलं, आणि मग माझ्या शेजारी खुर्ची ओढली. बदल साठवायचे मी त्या मंगळवारी विसरले होते, म्हणून संगणकानं आधी जुनी खुंटी शोधली. बराच वेळ शोधली. मग पडद्यावर पाटी आली. संदर्भबिंदू सापडला नाही, नवा निवडा.

बाबांना बारीक अक्षरं दिसत नाहीत. “काय म्हणतोय?” त्यांनी विचारलं.

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनीच पुढे वाकून, डोळे बारीक करून एकेक शब्द वाचला. मग जिथे आपलं घर होतं तिथल्या करड्या ठिपक्यावर बोट ठेवलं, थोडा वेळ ठेवलं आणि काढून घेतलं.

“आता कुठली धरणार?”

मी नकाशा सरकवून खाण दाखवली. “ही.”

“कुणी बांधली?”

“कुणीच नाही, बाबा. खडक आहे.”

“मग ती घे,” बाबा म्हणाले.